कच्च्या आहाराचे निवासी केंद्र निवडताना

प्रश्न : आदरणीय ताई, सादर नमस्कार. माझे वय ५६ असून नऊ वर्षांपासून मला मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी सकाळी घेते, रात्री रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन असते. मुलगी २६ वर्षांची असून मिहानमध्ये नोकरी करते आणि बाहेरच्या खाण्याला पार कंटाळली आहे. दिवाळी झाली की आम्ही दोघी दहा दिवसांसाठी कच्च्या आहाराच्या निवासी केंद्रात जाणार आहोत. तीन ठिकाणची माहितीपत्रके सोबत पाठवत आहे. एक केंद्र सह्याद्रीत धरणाकाठी आहे, दुसरे केरळात आणि तिसरे नागपूरपासून दोन तासांवर जंगलालगत. तिन्ही ठिकाणी अन्न ४८ अंशांपलीकडे तापवत नाहीत. केरळच्या केंद्राने दहा दिवसांत मधुमेहाच्या गोळ्या सुटतील अशी हमी दिली आहे. यजमानांचे म्हणणे असे की काकडी आणि गाजर घरीही मिळते. आम्ही निवड कशी करावी?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. तिन्ही माहितीपत्रके मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. खोलीच्या खिडकीतून काय दिसते, योगासनांसाठी चटई कोणत्या सुताची आहे, रसाच्या पेल्यात काय काय असते, हे सारे त्यांत आहे. मात्र रात्री तिथे डॉक्टर मुक्कामाला असतो की नाही, हे तिन्हींपैकी एकाही पत्रकात नाही. निवडीची सुरुवात याच प्रश्नापासून करा. जे केंद्र पैसे घेण्याआधी तुम्हालाच बारकाईने प्रश्न विचारते, तुमच्या गोळ्यांची यादी मागते आणि वेळप्रसंगी ‘तुम्ही येऊ नका’ असे सांगण्याची तयारी ठेवते, तेच विश्वासाचे, असे माझे ठाम मत आहे.

हे मत अनुभवातून आले आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशा एका केंद्रात सहा दिवस राहिले होते. नाव नोंदवताना माझे वजन आणि उंची विचारली, औषधांबद्दल कोणीही काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचे हात कापू लागले, कपाळावर घाम आला आणि त्यांना स्वेटरचे बटण काही केल्या लावता येईना. सकाळपासून त्यांच्या पोटात दुधीचा रस आणि पपईच्या चार फोडी एवढेच गेले होते. तिथल्या मदतनीस मुलीने त्यांना मोठ्या प्रेमाने सांगितले, की शरीरातली विषे बाहेर पडत आहेत, थोडे पडून राहा. माझ्या पर्समध्ये ग्लुकोमीटर होता. साखर ५४ भरली. स्वयंपाकघरात साखरेचा दाणा नव्हता, पण मध होता. तीन चमचे मध पाण्यात कालवून त्यांना पाजला, तेव्हा पंधरा मिनिटांनी आकडा ८२ वर आला आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी बटण लावले. त्याही तुमच्याप्रमाणे ग्लिमेपिराइड घेत होत्या.

ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि पोटात पोळीभात आला आहे की नुसता काकडीचा रस, याची वाट ती पाहत नाही. म्हणून धान्य एकदम बंद झाले आणि गोळी तितकीच राहिली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. इन्सुलिनचेही तसेच. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेणाऱ्यांना उपवासात वेगळाच धोका असतो : साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते. टेल्मिसार्टनमुळे शरीरात पोटॅशियम टिकून राहते आणि रसाहारात शहाळे, संत्री, केळी, पालक यांतून ते भरपूर येते. मूत्रपिंडे निकोप असतील तर ते बाहेर टाकले जाते, नसतील तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम तपासल्याशिवाय कुठेच पैसे भरू नका. गोळ्यांची मात्रा तेवढ्या दिवसांसाठी कमी करायची का आणि किती, हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

केरळचे पत्रक बाजूला ठेवा. मधुमेह असलेल्या माणसाला न तपासता गोळ्या सोडवण्याची हमी देणारे केंद्र मी कोणालाही सुचवणार नाही. त्यांनी छापलेले ‘आधी आणि नंतर’चे एचबीए१सीचे तक्तेही मनावर घेऊ नका, कारण ही तपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते आणि दहा दिवसांचे श्रेय तिच्यावरून ठरवता येत नाही. पहिल्या आठवड्यात उतरणारे वजनही बहुतांशी पाण्याचे असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरली जाते, तेव्हा तिच्यासोबत धरून ठेवलेले पाणीही निघून जाते आणि घरी येऊन चार दिवस नेहमीचे जेवण झाले की ते परत येते.

उरलेल्या दोन केंद्रांना फोन करा आणि व्यवस्थापकाऐवजी डॉक्टरांशीच बोलायचे आहे असे सांगा. निसर्गोपचार आणि योग या विषयाची बी.एन.वाय.एस. ही पदवी आपल्या देशात इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आहे. ती पदवी असलेली व्यक्ती केंद्रात राहते की आठवड्यातून एकदा येऊन जाते, हे विचारा. रात्री दोन वाजता चक्कर आली तर कोण उठेल, गाडी कोणती आणि रुग्णालय किती किलोमीटरवर, हेही विचारा. एनिमा सक्तीचा आहे का, नकार दिला तर चालतो का, हे स्पष्ट करून घ्या. रोजचा एनिमा आणि यंत्राने आतडी धुण्याचे प्रकार यांची गरज नसते आणि अशक्त माणसाच्या शरीरातील क्षार त्यांनी बिघडू शकतात. दोन दिवसांत परतावे लागले तर किती पैसे मिळतील, हे लेखी घ्या. एवढ्या प्रश्नांवर जे वैतागतील, ते मध्यरात्रीही वैतागतील.

आता आहाराविषयी. कच्च्या आहाराबद्दल माझ्या मनात आदर आहे. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, ते कच्च्या फळांतून नीट मिळते. तेल, मीठ आणि मैदा आपोआप सुटतात. चावून खावे लागते म्हणून माणूस थांबून जेवतो. पण अग्नीने अन्नाचे सारे सत्त्व जाते, हे खरे नाही. गाजरातील कॅरोटीन आणि टोमॅटोतील लायकोपीन शिजवल्यावर अधिक अंगी लागते. कडधान्यांतील पचनाला अडथळा करणारी द्रव्ये शिजवण्याने निष्प्रभ होतात आणि राजमा तर भिजवून मोड आणलेला असला तरी कच्चा खाऊ नये, त्याने तीव्र उलट्या होतात. गांधीजींनी १९२९ साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग सहकाऱ्यांसह केला होता. अशक्तपणा आला आणि पोट बिघडले, तेव्हा त्यांनी तो थांबवला आणि तसे जाहीरपणे लिहिलेही. पुढे १९४६ साली त्यांच्याच प्रेरणेने उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. निसर्गोपचारावर त्यांची श्रद्धा अखेरपर्यंत होती, तरी शरीराने दिलेले उत्तर त्यांनी मानले. केंद्र चालवणाऱ्यांकडून मी एवढीच अपेक्षा ठेवते.

दहाही दिवसांचा आहारतक्ता आधी मागवून घ्या. त्यात भिजवलेले शेंगदाणे, तीळ, जवस, ओले खोबरे, मोड आलेले मूग असे पोटाला आधार देणारे पदार्थ रोज असावेत. सकाळी रस, दुपारी सॅलड आणि संध्याकाळी पुन्हा रस एवढेच लिहिले असेल, तर तो आहार म्हणजे उपवासच. पालकाचा रस रोज मोठ्या प्रमाणात देत असतील तर नाही म्हणा. त्यातील ऑक्झलेटमुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. दुधीचा रस तर पहिला घोट जिभेवर ठेवल्याशिवाय पिऊच नका. कडू लागला तर तो औषधी म्हणून गिळायचा नाही, लगेच थुंकून पेला तसाच परत करायचा. कडू दुधीतील विषारी द्रव्याने रक्ताच्या उलट्या झाल्या आहेत आणि आपल्या देशात मृत्यूही झाले आहेत.

शिजवताना जंतू मरतात, कच्च्यात ते काम धुण्याला करावे लागते. म्हणून शक्य असेल तर आधी एक दिवस केंद्रात जाऊन त्यांचे स्वयंपाकघर पाहा. नागपूरजवळच्या केंद्राचा हा मोठा फायदा आहे. मी जाते तेव्हा सांबाराची जुडी कशी धुतात तेवढेच पाहते. (बाहेरच्या वाचकांसाठी : विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) जुडी बांधलेलीच पाण्यात बुडवून काढली तर देठांमधली माती तिथेच राहते. जुडी सोडून, मुळे कापून, वाहत्या पाण्याखाली पाने मोकळी करून तीन पाण्यांतून काढली आणि शेवटचे पाणी पिण्यायोग्य असले, तर ते घर सांभाळून चालते असे समजावे. कोबीच्या पानांच्या घड्यांत जंतांची अंडी राहू शकतात, म्हणून तिथेही हीच दक्षता हवी. मोड आलेल्या धान्याबाबत तर अधिकच, कारण उबदार ओलसर फडक्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांमुळे पसरलेल्या जंतुसंसर्गात पन्नासहून अधिक माणसे दगावली. मोडांना पाच मिनिटे वाफ दिली तर चालेल का, असे केंद्राला विचारून पाहा. नियमापेक्षा माणसाला जपणारे लोक ‘हो’ म्हणतील.

दिवाळीनंतरचा काळ तुम्ही योग्य निवडला आहे. पावसाळ्यात पालेभाज्या गढूळ पाण्यावर वाढतात आणि पचनही मंद असते. आपल्याकडे श्रावणात पालेभाजी टाळतात, त्यामागे अनुभव आहे. नोव्हेंबरात आंबिया बहराची संत्री बाजारात आलेली असतात, मुळा, गाजर आणि हरभऱ्याची भाजी त्यांच्या मागोमाग येते आणि जठराग्नीही चांगला असतो. तरीही तुमच्यासाठी दहा दिवस जास्त आहेत. पाच दिवस जा आणि त्यांतही एक वेळ ज्वारीची भाकरी किंवा मुगाची पातळ खिचडी मिळेल, असे केंद्र पाहा. दोनपैकी मी जंगलालगतचे केंद्र निवडेन, पण डॉक्टर मुक्कामी असतील तरच. नागपूरचे तुमचे डॉक्टर तिथून दोन तासांवर आहेत, ही गोष्ट धरणाच्या देखाव्यापेक्षा मोलाची आहे. ग्लुकोमीटर, पुरेशा पट्ट्या आणि साखरेची पुडी सोबत ठेवा. पहिले तीन दिवस सकाळी उठल्यावर, अकराला, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी साखर तपासा.

मुलीविषयी थोडे वेगळे सांगायचे आहे. तिला आजार नाही, त्यामुळे पाच दिवसांचा कच्चा आहार तिला सोसवेल, कदाचित आवडेलही. चिंता आहे ती परतल्यानंतरची. तरुण मुली अशा ठिकाणाहून उत्साहाने येतात आणि महिनोन्‌महिने तसेच जेवू लागतात. जर्मनीत दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्यांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. तिची पाळी दोन महिने चुकली तर तो शुद्धीचा भाग आहे असे कोणी म्हटले तरी मानू नका. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही आणि मेटफॉर्मिनने तुमचेही ते कमी होत असते, तेव्हा ही तपासणी दोघींनी जाण्यापूर्वीच करून घ्यावी. मुलगी गर्भधारणेचा विचार करत असेल, तर हे शिबिर तिने पुढे ढकलावे.

यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. कॉटन मार्केटमधून आणलेली काकडी तीच असते. केंद्रात पैसे जातात ते वेळ, शांतता आणि देखरेख यांसाठी. यातली देखरेख नसेल, तर तेच पैसे घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना द्यावेत आणि तुम्ही दोघींनी सकाळ-संध्याकाळ चालायला जावे.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलाला सिकलसेल आहे. नात्यातले लोक त्याला रसाहाराच्या शिबिराला घेऊन जाऊ म्हणतात. पाठवावे का?
– एक वडील, मानेवाडा, नागपूर

उत्तर : पाठवू नका. विदर्भात हा आजार अनेक घरांत आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. शरीरातले पाणी कमी झाले, दीर्घ उपवास घडला किंवा थंड पाण्याचे उपचार झाले, की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदनांचा झटका येतो. एनिमाने होणारे जुलाबही त्याच वाटेने नेतात. शिवाय अशा रुग्णांची प्लीहा नीट काम करत नसल्याने साल्मोनेलासारखे जंतू रक्तात शिरून हाडांपर्यंत पोहोचू शकतात, म्हणून कच्चे मोड त्याला घरीसुद्धा देऊ नका. मटकी, मूग वाफवूनच द्या, फळे धुऊन तुमच्या हाताने सोलून द्या आणि पाण्याची बाटली सतत त्याच्याजवळ ठेवा. फॉलिक अ‍ॅसिड आणि डॉक्टरांनी दिलेली इतर औषधे एक दिवसही चुकवू नका. नातेवाइकांना नाही म्हणणे जड जात असेल, तर त्यांना मुलाच्या पुढच्या तपासणीला सोबत घेऊन जा आणि हाच प्रश्न डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारू द्या.