दुसरा साक्षीदार कुठे आहे?

कोल्हापूर, रविवार

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी संहिता काल रात्री दोनदा वाचली. बारा मिनिटांच्या व्हिडिओसाठी हल्ली एवढं वाचन कुणी करत नाही, म्हणून शाबासकी आधीच देऊन टाकतो. आता कुरकुर. ‘युक्रेनमधले नाझी : लपवलेलं सत्य’ हा मथळा पाहूनच मी चष्मा काढून ठेवला होता. पस्तीस वर्षं वर्तमानपत्राच्या परदेश डेस्कवर काढली की एक खोड लागते. मथळ्यात ‘सत्य’ दिसलं की हात लाल पेनाकडे जातो.

शेवटी तू लिहिलंयस, “काका, तिथे नाझी आहेत की नाहीत ते एकदाच काय ते सांगा.” अगं, हो म्हटलं तर एक टोळी टाळ्या पिटते, नाही म्हटलं तर दुसरी. किती, कधीचे आणि त्यांच्या हातात सत्ता किती, असं विचारलंस की दोन्हीकडच्या टाळ्या थांबतात. तेच विचार.

अझोवपासून घे. युक्रेनच्या बाजूनं लढणारी ही स्वयंसेवक तुकडी उभी राहिली 2014 च्या मे महिन्यात. क्रिमिया रशियानं गिळला होता, पूर्वेकडच्या डोनबासमध्ये रशियाधार्जिणे बंदूकधारी सरकारी इमारती ताब्यात घेत होते आणि युक्रेनच्या सैन्याची पार दैना झाली होती. तेव्हा जे आपणहून पुढे आले त्यांत खारकीव्हच्या फुटबॉल स्टेडियमवरची हुल्लडबाज पोरं होती आणि उघड वंशवादी संघटना चालवलेला आंद्रीय बिलेत्स्कीही होता. यातले कित्येक जण घरात रशियन बोलणारे. ‘रशियन भाषकांचा कर्दनकाळ’ हे तुझं विशेषण तिथेच लंगडं पडतं.

चिन्हाचं मात्र तू बरोबर पकडलंयस. तो ‘एन’ आणि त्यातली उभी रेघ म्हणजे ‘राष्ट्राची कल्पना’ या शब्दांची आद्याक्षरं, असं अझोववाले सांगतात. पण तशीच खूण एसएसच्या, म्हणजे हिटलरच्या खास नाझी दलाच्या, ‘दास राइश’ डिव्हिजननं वापरली होती, आणि सुरुवातीच्या चिन्हात मागे ‘काळा सूर्य’ही होता. तो एसएसचा प्रमुख हिमलर याच्या वेवेल्सबुर्ग किल्ल्याच्या फरशीतला. आपल्या काही ग्रुपांवर याचा बचाव असा चालतो की स्वस्तिकाचा जसा पाश्चात्त्यांनी गैरसमज करून घेतला, तसंच हे. हे काही पटण्यासारखं नाही. आपल्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक हिटलरच्या कितीतरी आधीचं आहे. हा काळा सूर्य एसएसच्या किल्ल्यातूनच निघालाय.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. 2014 च्या नोव्हेंबरात तुकडी नॅशनल गार्डमध्ये घेतली गेली, पुढच्या वर्षी काळा सूर्य उतरला, बिलेत्स्की खासदार होऊन बाहेर पडला. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं तुकडीवरचे छळाचे आरोप नोंदवले. 2018 मध्ये अमेरिकी काँग्रेसनं तिला मदत द्यायला मनाई केली, 2024 च्या जूनमध्ये अमेरिकेनं मनाई उठवली. 2022 मध्ये मारिउपोलच्या पोलाद कारखान्याच्या तळघरांतून लढलेली अझोव आणि 2014 ची अझोव यांत फरक किती, यावर जाणकार अजून भांडतात. तू मात्र 2014 चे फोटो आणि 2022 चं निवेदन एकावर एक चढवलंयस.

आता मतं मोज. स्वोबोदा या कडव्या उजव्या पक्षाला 2012 मध्ये 10.44 टक्के मिळाली होती, म्हणजे धोका खोटा नव्हता. रशियाकडे झुकलेलं सरकार उलथवणाऱ्या कीव्हच्या मैदान आंदोलनानंतर, 2014 च्या ऑक्टोबरात, तो संसदेत शिरायला लागणाऱ्या 5 टक्क्यांच्या उंबरठ्याखाली गेला. 2019 मध्ये स्वोबोदा, राइट सेक्टर आणि बिलेत्स्कीचा नॅशनल कोअर यांनी मिळून यादी केली, तिला पडली 2.15 टक्के. त्याच वर्षी ज्यू कुटुंबातला झेलेन्स्की 73 टक्के मतं घेऊन अध्यक्ष झाला.

आणि प्रचार कसा शिजतो ते बघायचं असेल तर 25 मे 2014 ची रात्र घे. युक्रेनमध्ये अध्यक्षपदाची मतमोजणी चाललेली. रशियाच्या चॅनेल वननं युक्रेनच्या निवडणूक आयोगाच्या नावानं एक तक्ता दाखवला : राइट सेक्टरचा द्मित्रो यारोश 37 टक्क्यांनी आघाडीवर. यारोशला प्रत्यक्षात एक टक्कासुद्धा मिळाला नाही; पोरोशेन्को 54 टक्क्यांहून जास्त मतांनी पहिल्याच फेरीत निवडून आला. पण लक्षात घे, यारोश नावाचा माणूस होता, त्याचा पक्ष कडवा होता. तेवढ्या खऱ्या विरजणावर त्यांनी हंडाभर दही लावलं.

जुलैमध्ये त्याच वाहिनीवर एक बाई आली. स्लाव्हियान्स्क युक्रेनी सैन्यानं परत घेतल्यावर तिथल्या लेनिन चौकात, गावाला गोळा करून, तीन वर्षांच्या पोराला सूचनाफलकावर खिळे ठोकून मारलं, असं तिनं सांगितलं. पत्रकार तिथे गेले तर त्या नावाचा चौकच नव्हता. हा मुद्दा तू टाळीसाठी वापरलायस. जरा दमानं. मुख्य चौकाचं नाव ऑक्टोबर क्रांतीचं होतं, पण मध्ये लेनिनचा पुतळा उभा होता. एखादी घाबरलेली बाई चौकाला लेनिनचं नाव देईलही. एवढ्यावर कुणाला खोटं ठरवू नये. खरा प्रश्न पुढचा आहे. गाव गोळा झालं होतं ना? मग दुसरा साक्षीदार कुठे आहे? प्रत्येकाच्या खिशात फोन असताना एक फोटो नाही, नातलग नाही, पोराचं नाव नाही. डिसेंबरमध्ये वाहिनीनंच मान्य केलं की आपल्याकडे पुरावा नव्हता. तोवर तो पोरगा लाखो डोक्यांत घर करून बसला होता.

रशियन माणसाला हे सहज का पटतं, हे मात्र तुझ्या संहितेत हवं. 1941 ते 45 च्या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसं गेली. तिकडे ‘फॅशिस्ट’ म्हणजे आजोबाला मारणारा. युक्रेनी आजोबाही त्याच लाल सैन्यात लढले, झेलेन्स्कीचेसुद्धा, हे सोयीनं गाळलं जातं. 24 फेब्रुवारी 2022 ला पुतिननं ‘नाझीमुक्ती’ हा शब्द वापरला तेव्हा ऐकणाऱ्याला व्याख्या लागलीच नाही. पुढे, झेलेन्स्की ज्यू असून नाझी कसे, या प्रश्नावर रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव म्हणाले की हिटलरच्या अंगातही ज्यू रक्त होतं, आणि इस्रायल भडकला. 3 एप्रिल 2022 ला, म्हणजे रशियन सैन्य निघून गेल्यावर कीव्हजवळच्या बुचा गावाच्या रस्त्यावरची प्रेतं जगाला दिसत होती त्याच दिवशी, रिया नोवोस्ती या सरकारी वृत्तसंस्थेनं एक लेख छापला. त्यात सरळ म्हटलं होतं की नाझीमुक्ती म्हणजे ओघानं युक्रेनीपणापासूनच मुक्ती. म्हणजे नाझी कोण? जो स्वतःला युक्रेनी म्हणवतो तो. ही अडीच ओळींची माहिती तू आठव्या मिनिटाला टाकलीयस, ती पहिल्या मिनिटात आण.

रशियाच्या बाजूनं लढलेल्यांची कुंडली कुणी मांडत नाही, तीही मांड. ‘रुसिच’ ही उघड नवनाझी टोळी 2014 पासून डोनबासमध्ये. वॅगनर या रशियाच्या भाडोत्री सैन्याचा द्मित्री उत्किन, अंगावर एसएसची चिन्हं गोंदवलेला. दोनेत्स्कचा स्वयंघोषित ‘लोकराज्यपाल’ पावेल गुबारेव कधीकाळी रशियन नॅशनल युनिटी या अतिउजव्या संघटनेत होता. 2015 च्या मार्चमध्ये सेंट पीटर्सबर्गला जो मेळावा भरला, त्यात ग्रीसचा गोल्डन डॉन आणि जर्मनीचा एनपीडी हे अतिउजवे पक्ष पाहुणे. नाझीमुक्तीवाल्यांच्या पंगतीला हे! पण लगेच हुरळू नकोस, कारण युक्रेनच्या बाजूनं 2023 मध्ये रशियाच्या सीमेत घुसलेल्या रशियन व्हॉलंटिअर कोअरचा म्होरक्या देनिस कापुस्तीन हाही नवनाझीच.

माझं एक पाप सांगतो. फेब्रुवारी 2022, निवृत्तीला काही महिने उरलेले, रात्रपाळी. काळ्या समुद्रातल्या स्नेक आयलंडवरच्या 13 युक्रेनी सैनिकांनी रशियन युद्धनौकेला शिवी हासडून वीरमरण पत्करलं, अशी एजन्सीची कॉपी आली. खुद्द झेलेन्स्की बोलले होते. मी पहिल्या पानावर चौकट केली, मथळाही झणझणीत दिला, आणि घरी येऊन बायकोला वाचून दाखवला. तीन-चार दिवसांत युक्रेनच्या नौदलानंच सांगितलं की माणसं जिवंत आहेत, कैदेत आहेत. दुरुस्ती आतल्या पानावर गेली, चार ओळींची. ‘कीव्हचं भूत’ म्हणवला गेलेला लढाऊ वैमानिकही दंतकथा निघाला, तेही युक्रेनच्या हवाई दलानं कबूल केलं. आक्रमण कुणी केलं याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. त्यामुळेच फसलो. आवडत्या बाजूकडून आलेली कॉपी मी कमी तपासली.

राहिला बांदेरा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला युक्रेनी राष्ट्रवाद्यांचा पुढारी. त्याला तू एका वाक्यात उरकलंयस, आणि नेमकं इथेच तुला घराजवळचा धागा मिळाला असता. आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला गेलीस का कधी? 1943 ते 48 तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत, बहुतेक बायका-मुलं. पूर्व पोलंडमधून, म्हणजे आजच्या युक्रेन-बेलारूसच्या पट्ट्यातून, सोव्हिएत राजवटीनं त्यांना 1940-41 मध्ये सायबेरियाकडे हाकललं होतं. ते इथे पंचगंगेकाठी सावरत असताना तिकडे आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या व्होल्हिनियात, 1943 च्या उन्हाळ्यात, बांदेराच्या संघटनेच्या सशस्त्र दलानं पोलिश गावंच्या गावं कापली. बांदेरा स्वतः तेव्हा जर्मनांच्या साक्सनहाउझेन छावणीत कैद होता. त्याचे भक्त तेवढंच सांगतात, त्याचे शत्रू तेवढंच गाळतात. पोलंडच्या संसदेनं 2016 मध्ये त्या कत्तलीला वंशसंहार म्हटलं, आणि त्याच पोलंडनं 2022 मध्ये युक्रेनच्या लाखो बायकापोरांना दारं उघडली. ज्यांची माणसं गेली ते लोक बांदेराचा पुतळा आणि कीव्हवरचा बॉम्ब यांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवतात. तू दोन्ही एकाच वहीत लिहिलेस.

दुसरा खर्डा पुढच्या रविवारपर्यंत पाठव. संगीत कमी कर, माझ्या कानाला त्रास होतो.

तुझा,
काका

ता. क. : बुचाच्या रस्त्यावर ‘प्रेताचा हात हलतो’ म्हणून जी क्लिप तू प्रश्नचिन्हासह टाकलीयस, ती मोठ्या पडद्यावर हळू चालवून बघ. गाडीच्या काचेवर पाण्याचा थेंब सरकतो, तो हाताच्या वरून जातो, आणि हात हलल्यासारखा वाटतो. उपग्रहाच्या छायाचित्रांत ती प्रेतं मार्चच्या मध्यापासून, रशियन सैन्य गावात असतानाच, त्याच जागी दिसतात. क्लिप काढू नकोस. थेंबाभोवती गोल काढून दाखव.