इंजिन एकच, तर ईसीयू दुसऱ्या गाडीचा चालेल का?

प्रश्न : माझ्याकडे 2012 सालची स्विफ्ट डिझेल आहे. एका वॉशिंग सेंटरवर इंजिन प्रेशरने धुऊन घेतले, तेव्हापासून गाडी सुरूच होत नाही. आमचे मिस्त्री ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) गेल्याचे सांगतात. नवा ईसीयू परवडण्यासारखा नाही. जुन्या बाजारात अर्टिगा डिझेलचा मात्र स्वस्तात मिळत आहे. दोन्ही गाड्यांचे इंजिन एकच असल्यामुळे तो चालेल आणि वर गाडीची ताकदही वाढेल, असे मिस्त्रींचे म्हणणे आहे. तो घ्यावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : घेऊ नये. मिस्त्रींचे म्हणणे निम्मे खरे आहे. फियाटचे 1248 सीसीचे मल्टिजेट इंजिन आपल्याकडे मानेसरला आणि पुण्याजवळ रांजणगावला तयार होत असे, आणि ते स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, पुंटो, लिनिया, व्हिस्टा अशा अनेक गाड्यांत बसले. परंतु ईसीयूला इंजिनाच्या ब्लॉकशी फारसे कर्तव्य नसते. ब्लॉकभोवती कोणता टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा भाग), कोणते नोझल (डिझेल फवारणारे) आणि कोणते सेन्सर लावले आहेत, यावर त्याचे सारे गणित चालते, आणि नेमके तेच या दोन गाड्यांत जुळत नाही.

आपल्या स्विफ्टच्या 75 अश्वशक्तीच्या इंजिनाचा टर्बो साधा आहे. हवेचा दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की त्याचे वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, त्या दाबानेच उघडते. अर्टिगाच्या 90 अश्वशक्तीच्या इंजिनात टर्बोच्या आतील पात्यांचा कोन बदलतो आणि तो सोलेनॉइडमार्फत (विजेवर चालणारी झडप) ईसीयू सतत कमीजास्त करत असतो. अर्टिगाचा ईसीयू स्विफ्टमध्ये हे सोलेनॉइड शोधणार, ते न सापडल्यामुळे फॉल्ट कोड नोंदवणार आणि बहुधा इंजिनाची ताकद स्वतःच मर्यादित करणार. म्हणजे ताकद वाढणे दूरच, तुळजापूरचा घाट चढतानासुद्धा गाडी रडेल.

सेन्सरचा घोळ याहून धोक्याचा, कारण तो वरून दिसत नाही. कॉमन रेलमधील, म्हणजे सर्व नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतील, दाब मोजणारा सेन्सर साधारणपणे 0.5 ते 4.5 व्होल्टचा संकेत देतो. एकाच घराण्यातील दोन इंजिनांपैकी एकावर 1500 बारपर्यंतचा (बार हे दाबाचे एकक) आणि दुसऱ्यावर 1800 बारपर्यंतचा सेन्सर असू शकतो, आणि दोघांचे सॉकेट हुबेहूब सारखे असते. संकेत 2.5 व्होल्टचा आला, तर पहिल्याच्या हिशेबाने दाब 750 बार असतो आणि दुसऱ्याच्या हिशेबाने 900. आता 1500 बारच्या सेन्सरसाठी तयार केलेला ईसीयू 1800 बारच्या सेन्सरवर चालवला, तर रेलमध्ये प्रत्यक्षात 900 बार असताना तो 750 समजून नोझल उघडे ठेवील. डिझेल जास्त जाईल, धूर आणि ठोका वाढेल, आणि गॅरेजमध्ये बिचारे नोझल बदलले जातील. सॉकेट बसले म्हणजे ईसीयू जुळला, असे धरून चालण्यातला धोका हा आहे.

इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) अडथळा तर पहिल्याच क्षणी येतो: चावीतील चिपचा संकेत ईसीयूमधील नोंदीशी जुळला नाही, तर इंजिन सुरू होत नाही.

जुना ईसीयू घ्यायचाच असेल, तर लेबलावरील हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर हे दोन्ही क्रमांक आपल्या ईसीयूशी अक्षरशः जुळणारा घ्यावा, आणि आपल्या ईसीयूतील डेटा जाणकाराकडून त्यात उतरवून घ्यावा. त्यामुळे इमोबिलायझरची नोंद आणि नोझलचे कोड सोबत येतात. मूळ ईसीयूतून डेटा वाचता येतो तोवर तो भंगारात देऊ नये. विक्रेत्याकडून ज्या गाडीतून ईसीयू काढला तिच्या चासी क्रमांकासह पावती घ्यावी. चोरीचा माल निघाला तर ती उपयोगी पडते.

मात्र ईसीयू खरोखर गेला आहे का, याचीच मला शंका आहे. सोलापूरच्या उन्हात तापलेल्या इंजिनावर पाण्याचा झोत मारल्यावर आधी सॉकेटमध्ये पाणी शिरते. आधी सर्व सॉकेट सुकवावेत. बॅटरीकडून येणारा पुरवठा, मेन रिले आणि अर्थिंग तपासावे. मग चावी ऑन करून सेन्सरच्या सॉकेटवर 5 व्होल्ट येतात का, हे मीटरने पाहावे. येत नसतील तर मीटर तिथेच ठेवून बाकीच्या सेन्सरचे सॉकेट एकेक करून काढत जावे. एखादे काढताच 5 व्होल्ट परतले, तर शॉर्ट त्या सेन्सरमध्ये आहे आणि ईसीयू बहुधा शाबूत आहे. ही तपासणी करायला मिस्त्रींना फार वेळ लागणार नाही.

प्रश्न : माझ्या पेट्रोल वॅगन-आरला सीएनजी किट बसवायचे आहे. कंपनी-फिटेड सीएनजी वॅगन-आरचा जुना ईसीयू त्यासाठी वापरता येईल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : उपयोग होणार नाही. मारुतीच्या कंपनी-फिटेड सीएनजी गाडीत पेट्रोल आणि गॅस यांचे दोन ईसीयू परस्परांशी बोलत काम करतात, त्यामुळे त्यातला एकच आणून भागत नाही. मान्यताप्राप्त किटसोबत त्याचा स्वतंत्र ईसीयू येतो, तोच बसवावा आणि आरटीओकडे नोंदणी प्रमाणपत्रात इंधनाचा बदल नोंदवून घ्यावा. ही नोंद नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने घेतलेली चाचणी) दर 3 वर्षांनी करावी लागते, हेही खर्चात धरावे.