राजस्थानातल्या पुष्करचा मेळा आता फक्त पर्यटकांचा उरलाय का? वाळवंटातली खरी जत्रा बघायला कुठे जावं?

पुष्करला जरूर जा, पण कधी जाताय ते आधी ठरवा. तुम्हाला जनावरांचा बाजार बघायचाय आणि सोबत येणाऱ्या आईवडिलांना तीर्थस्नान करायचंय. पुष्करला या दोन गोष्टी एकाच दिवशी मिळत नाहीत. बाजाराचे व्यवहार होतात कार्तिकी एकादशीच्या आधीच्या आठवड्यात. एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत सरोवरावर स्नानाची गर्दी असते आणि तोवर बरेच व्यापारी जनावरं घेऊन परतीला लागलेले असतात. पंढरपुरात कार्तिकी वारी असते तीच ही एकादशी, त्यामुळे तारीख काढायला आपली दिनदर्शिका पुरते. दशमीच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचा आणि द्वादशीपर्यंत राहा, म्हणजे दोन्ही साधेल. मुक्काम पुष्करात मिळाला नाही तर नाग पहाडापलीकडे अजमेर आहेच. आणि हो, पुष्करात मांस, अंडी, दारू काही मिळत नाही. मालपुवा मात्र सोडू नका.

मैदानावर सकाळी लवकर जा. गिऱ्हाईक उंटाचा ओठ वर करून दात बघतं, त्याला बसवतं, उठवतं, चार पावलं चालवून बघतं. घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे तर बोट फिरवून तपासतात, कारण चुकीच्या जागी भोवरा असला की चांगला घोडाही विकला जात नाही. बाजूच्या दुकानांत गोरबंद टांगलेले दिसतील. उंटाच्या गळ्यात घालायचा हा कवड्या, मणी आणि आरसे लावलेला दागिना. घ्यायचाच असेल तर यंत्रावर शिवलेला नको, हाताने गुंफलेला शोधा.

मेळा आता फक्त पर्यटकांचा उरलाय असं तुम्ही ऐकलंय, ते काही अंशी खरं आहे. उंट कमी झालेत आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. 2014 मध्ये राजस्थानने उंटाला राज्यपशू केलं आणि 2015 च्या कायद्याने त्याच्या कत्तलीवर बंदी घातली, राज्याबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आणले. हेतू चांगलाच होता. पण ट्रॅक्टर आणि पिकअपमुळे उंटाचं काम आधीच गेलं होतं, त्यात बाहेरचं गिऱ्हाईकही तुटलं. 2012 च्या पशुगणनेत राजस्थानात सुमारे 3.26 लाख उंट होते, 2019 मध्ये 2.13 लाख उरले. पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणाऱ्या रायका कुटुंबांतली मुलं आता शहरात काम शोधतात. म्हणूनच पर्यटकांच्या गर्दीला कंटाळून पुष्करकडे पाठ फिरवू नये असं मला वाटतं. जे अजून कळप घेऊन येतात, त्यांच्याजवळ बसा, बोला. फोटो काढायच्या आधी विचारा आणि कुणी पैसे मागितले तर रागावू नका.

पुढे जानेवारी-फेब्रुवारीत जमलं तर नागोरची जत्रा गाठा. तिथे बाजार नागोरी बैलांचा, आणि जोडीला लाल मिरच्यांचे ढीग. मराठा सरदार जयाप्पा शिंद्यांची 1755 मध्ये हत्या झाली ती याच नागोरजवळच्या छावणीत. मराठी माणसाने तिथे दोन मिनिटं तरी थांबावं.

पण माझी सगळ्यात आवडती जत्रा तिलवाड्याची, पश्चिम राजस्थानात बालोतऱ्याजवळ लूणी नदीच्या कोरड्या पात्रात भरणारी. लोकदेव मल्लीनाथांच्या नावाने भरते. घोडे, बैल, उंट, सगळं वाळूतच. इथल्या मालाणी भागातले मारवाडी घोडे बघावेत तर इथे. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली, आणि रेवाल नावाच्या मऊ, धक्का न देणाऱ्या चालीत घोडा पळाला की स्वार जागचा हलत नाही. आपल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मारवाडी घोडे बघितले असतील, तर ते मुळात या मुलखातले.

इथे तारखेत मात्र फसायला होतं. ही जत्रा चैत्र कृष्ण एकादशीला सुरू होते असं लिहिलेलं सापडेल. राजस्थानात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावस्येला. म्हणजे त्यांची चैत्र कृष्ण एकादशी ही आपली फाल्गुन वद्य एकादशी, पाडव्याच्या चार-पाच दिवस आधीची. आपली चैत्र वद्य एकादशी धरून गेलात तर पात्र रिकामं झालेलं असेल. पाडव्याच्या आसपासचे दिवस धरा. शुक्ल पक्षात हा घोळ नसतो, म्हणून पुष्करची काळजी नको. तिलवाड्यात ऊन आणि धूळ भरपूर, राहण्याची सोय बालोतऱ्यात बघावी लागते. वयस्कर माणसांना घेऊन तिथे जाऊ नका. ती जत्रा तुम्ही एकट्याने किंवा मित्रांसोबत करा.