समुद्रावरून उडायचं, मग परवाना कशाला? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

किनाऱ्यालगतच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांबद्दल रत्नागिरी-सिंधुदुर्गातून जी पत्रं येतात, त्यांत एकच गैरसमज पुन्हा पुन्हा दिसतो: समुद्र म्हणजे मोकळं रान. त्यातली काही इथे घेतो.

प्र. दुबईला नियमित विमानाने जाताना प्रवाशाने हवाई हद्दीचा परवाना काढायचा असतो का? (चिपळूण)

नाही. ते काम विमान कंपनीचं.

प्र. परदेशी चार्टर विमान किनाऱ्याला समांतर, समुद्रावरूनच दक्षिणेकडे जाईल. एजंट म्हणतो, जमीन लागत नाही तर परमिट नको. (रत्नागिरी)

एजंट चुकीचं सांगतोय. १९४४ च्या शिकागो करारानुसार देशाच्या प्रदेशात लगतचा प्रादेशिक समुद्रही येतो. भारताचा हा पट्टा १२ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. तोही किनाऱ्यालगत सरकारने ठरवलेल्या आधाररेषेपासून मोजायचा, गुगलच्या नकाशावरच्या पुळणीपासून नव्हे. परदेशी जहाजाला या पट्ट्यातून निरुपद्रवीपणे जाण्याचा हक्क आहे. विमानाला नाही. हा फरक एजंट लोकांच्या गावीही नसतो.

पण मला खरी धास्ती आहे ती परवाना टाळायला पट्ट्याच्या जेमतेम बाहेर, तेराव्या मैलावरून मार्गाची रेघ ओढणाऱ्यांची. जून ते सप्टेंबर कोकणासमोर ढगांच्या भिंती उभ्या राहतात. त्या टाळायला वैमानिक पंधरा-वीस मैल बाजूला जायची परवानगी मागतो. ताशी ४५० सागरी मैलांच्या वेगात एक मैल आठ सेकंदांत संपतो. डावीकडे वळायची वेळ आली आणि हातात परवाना नसला, तर वैमानिकाने वादळात शिरायचं की विनापरवाना हद्दीत? आणीबाणीत मदत मिळेलच, पण पावसाळी ढग ही आणीबाणी नव्हे. ते आधीच धरून चालायचं असतं. म्हणून परवाना काढाच. त्याबरोबर हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा एडीसी क्रमांक आणि नौदलाच्या सरावांचे नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, हेही तपासा. मार्ग कागदावर यायच्या आधी डीजीसीएशी, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी, बोला.

प्र. २०० मैलांपर्यंत भारताचीच हवाई हद्द ना? आणि मुंबई एफआयआर (उड्डाण माहिती क्षेत्र) तर त्याहून लांब जातं. (मालवण)

नाही. २०० मैल हा मासे आणि खनिजांवरचा हक्क आहे. त्यावरून उडायला सगळे मोकळे. एफआयआर म्हणजे हवाई वाहतूक सेवा कोणी द्यायची याची वाटणी. मात्र तिथे फ्लाइट प्लॅन, रेडिओ संपर्क आणि मार्गाचं शुल्क चुकत नाही. काही देश तेवढ्यासाठीही परवाना मागतात. मार्गातल्या प्रत्येक देशाचं एआयपी, म्हणजे हवाई नियमांची अधिकृत पुस्तिका, वाचा, किंवा ती वाचणारा डिस्पॅचर, म्हणजे उड्डाणाची आखणी करणारा माणूस, गाठा.

प्र. 'चार तासांत पक्कं परमिट' अशी जाहिरात पाहिली. पैसे भरू का? (सावंतवाडी)

परवाना क्रमांक हातात येईपर्यंत नको. परवाना ठरलेल्या विमानाला, मार्गाला आणि तारखेला मिळतो. विमान बदललं तर पुन्हा विचारावं लागतं. तारीखही यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची. मुंबईहून पाच तारखेला पहाटे दोनला निघणारं विमान यूटीसीप्रमाणे चार तारखेला रात्री साडेआठलाच निघतं. या घोळात अडकलेली विमानं मी पाहिली आहेत. अर्ज आधीच करा. सुट्ट्यांत कार्यालयं बंद असतात.

प्र. मुंबईहून मस्कतला जायला पाकिस्तानचा परवाना लागेल? (देवगड)

अरबी समुद्रावरून थेट मस्कत एफआयआरमध्ये शिरलात तर नाही. उत्तरेकडचा मार्ग मात्र कराचीच्या क्षेत्रात जाऊ शकतो, आणि २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. निघण्याच्या दिवशीचा नोटॅम पाहूनच मार्ग ठरवा.

प्र. तारकर्लीला ड्रोन उडवायचाय. (कणकवली)

त्याला ड्रोन नियम २०२१ लागू. डीजीसीएच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावर नकाशा पाहा, शंका असल्यास स्थानिक पोलिसांना विचारा.