क्रूझवर शांत केबिनचा शब्द दिला, डोक्यावर मात्र डीजे

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी, राहणार त्रिमूर्तीनगर, नागपूर. डिसेंबरमध्ये पत्नीसह मुंबई-लक्षद्वीप-गोवा अशी चार रात्रींची क्रूझ केली. पत्नीला मायग्रेन आहे, म्हणून बुकिंगच्या वेळीच इथल्या ट्रॅव्हल एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं की शांत केबिनच हवी. ‘टेन्शन नका घेऊ काकाजी, एकदम शांत रूम करून देतो,’ असं त्याचं उत्तर आहे. दोघांचे १ लाख ४२ हजार भरले. केबिन मिळाली ती नेमकी पूल डेकच्या खाली. रात्री उशिरापर्यंत डीजे, पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज. रिसेप्शनवर सांगितलं तर ‘बोट फुल आहे’. आता एजंट म्हणतो, व्हाउचरवर ‘गॅरंटी केबिन’ लिहिलं होतं, नंबर कंपनी ठरवते, मी फक्त मध्यस्थ, आणि अटींप्रमाणे दावा मुंबईतच करावा लागेल. १० हजारांची क्रेडिट नोट घ्या म्हणतो. मला पूर्ण पैसे आणि ५ लाख भरपाई हवी आहे. केस होईल का?

उत्तर : केस होते, आणि नागपुरातच होते. पण आवाजाच्या जोरावर ती टिकणार नाही. क्रूझवर डीजे असतोच, बरेच लोक त्यासाठीच जातात. ‘बोटीवर गोंगाट होता’ एवढंच म्हणालात तर समोरचा वकील दोन मिनिटांत तक्रार उडवून लावील. तुमची सगळी भिस्त एजंटच्या त्या एका मेसेजवर आहे. तुम्ही गरज सांगितली, कारण सांगितलं, त्यानं होकार भरला आणि मग तुम्ही पैसे दिले. हा क्रम सिद्ध झाला पाहिजे. मेसेजची तारीख पैसे भरण्याच्या आधीची आहे ना, हे आजच तपासा. नंतरची निघाली तर तुमची बाजू बरीच लंगडी पडते.

आता ‘गॅरंटी केबिन’बद्दल. क्रूझच्या धंद्यात ही हमी फक्त प्रकाराची असते. बाल्कनीचे पैसे भरले तर बाल्कनीची किंवा तिच्या वरच्या दर्जाची केबिन मिळेल. पण कोणत्या डेकवर, कशाच्या खाली, हे शेवटी बोटवाले ठरवतात. म्हणूनच ती बहुधा स्वस्त पडते. यात बेकायदा काही नाही. पण ज्याला झोप हवी आहे त्यानं ती घ्यायचीच नसते. शांत केबिन हवी तर डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, समोर ठेवून नंबर निवडावा लागतो : बोटीच्या मधल्या भागातली, जिच्या वरही केबिन आणि खालीही केबिन, लिफ्टपासून जरा लांब, शेजारच्या खोलीत उघडणारं दार नसलेली. पूल नि बुफेच्या खालचा मजला टाळायचा, थिएटर आणि नाइट क्लबच्या वरचाही. खालच्या डेकचं पुढचं टोक नको, कारण बंदराला लागताना थ्रस्टर (बोट आडवी सरकवणारे पंखे) आणि नांगराचा धडधडाट तिथेच असतो. मागचं टोक इंजिनामुळे नको.

क्रूझ विकणाऱ्याला हे सगळं ठाऊक असायला हवं. ज्या केबिनचा नंबरच त्याच्या हातात नव्हता, ती त्यानं तुम्हाला ‘एकदम शांत’ म्हणून विकली आणि नंबर हातात नाही हे सांगितलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे, आणि ग्राहकाला संबंधित माहिती हेतुपुरस्सर न देणं हे तीत स्पष्टपणे घातलेलं आहे. तक्रार याच चौकटीत मांडा.

इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नका. ‘कंपनी कुठलीही केबिन देऊ शकते ही अटच अन्यायकारक आहे’ असा मुद्दा घेण्याचा मोह होईल. करार अन्यायकारक ठरवण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला नाही, तो राज्य ग्राहक आयोगापासून सुरू होतो. राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरात बसतं हे खरं, पण या रकमेसाठी तिथवर जाण्यात शहाणपण नाही.

मुंबईची अट वाचून घाबरू नका. याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. जिल्हा आयोगाची मर्यादा भरलेल्या रकमेवर ठरते आणि ती ५० लाखांपर्यंत आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तक्रार मराठीत चालते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. एजंट आणि क्रूझ कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. मध्यस्थ असला तरी पैसे त्यानं घेतले आणि शब्दही त्यानंच दिला.

पुराव्यात चॅट सगळ्यात मोलाची. स्क्रीनशॉट काढाच, पण मूळ चॅट फोनमध्ये राहू द्या, आणि मुलांनी नवा फोन घेऊन दिला तरी जुना विकू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत जोडा. आयोग पुराव्याच्या बाबतीत कोर्टाइतका काटेकोर नसतो, तरी समोरच्याला तेवढी फट कशाला ठेवायची? व्हाउचर, पैसे भरल्याची पावती आणि तुमच्या केबिनच्या नेमकं वर पूल दाखवणारा डेक प्लॅन लावा. रिसेप्शनवर तोंडीच सांगितलं असेल तर कंपनीला आता ईमेल करून त्या तक्रारीची नोंद मागा. वहिनींचे मायग्रेनचे जुने कागद हवेतच. नाहीतर ‘आजार नंतर सुचला’ असं म्हणायला ते मोकळे.

पैशांचं स्पष्ट सांगतो. पूर्ण १ लाख ४२ हजार परत मिळणार नाहीत. तुम्ही बोटीनं गेलात, जेवलात, लक्षद्वीप पाहून आलात. ती सेवा मिळालीच. आणि ५ लाखांच्या आकड्यानं खरी तक्रारही हलकी दिसते. भाड्याचा काही भाग परत, मानसिक त्रासाची माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च एवढंच मागा.

आधी स्पीड पोस्टानं नोटीस द्या, पंधरा दिवस वाट पाहा. कायद्यानं ती सक्तीची नाही, पण पुष्कळ एजंट तिथेच नरमतात. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवा. क्रेडिट नोटला आज एवढंच लिहून पाठवा : ‘ही क्रेडिट नोट मला मान्य नाही, माझे सर्व हक्क राखून ठेवत आहे.’ त्याच्यासोबत ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असा कागद येईल, त्यावर सही करू नका. मात्र तो रोखीनं पंचवीस-तीस हजारांवर आला, तर माझ्या मते घेऊन टाका आणि तेव्हा सही करा.