विचारा तर खरं : सेलचं गणित आणि जीपीएसला पर्याय

प्रश्न : ‘५०% + २०% सूट’ म्हणजे ७०% ना?

उत्तर : नाही, ६०%. २००० रुपयांचा शर्ट आधी १०००ला येतो. पुढची २०% सूट त्या १०००वर, म्हणून बिल ८००. ‘दोनवर एक फुकट’ म्हणजे जेमतेम ३३%, तेही तिसरा हवा असेल तर!

प्रश्न : बोटीवर जीपीएस बंद पडलं तर ‘नाविक’ ही भारताची उपग्रहांवरून स्थान सांगणारी यंत्रणा पुरेल?

उत्तर : जीपीएसचे उपग्रह बिघडले तर उपयोग होईल, पण ‘नाविक’चे पुरेसे उपग्रह चालू असतील तरच. जॅमर (संदेश दाबून टाकणारं यंत्र) असेल तर भरवसा नको. दोन्हींचे संदेश हजारो किलोमीटरवरून येताना क्षीण होतात. खरा पर्याय जमिनीवरचा : ई-लोरान, म्हणजे रेडिओ मनोऱ्यांच्या संदेशांवरून स्थान सांगणारी यंत्रणा. सुमारे १०० किलोहर्ट्झवरचे त्याचे मनोरे इतके ताकदवान, की जॅम करायला प्रचंड अँटेना लागेल. बोटीवर मात्र चुंबकीय होकायंत्र आणि कागदी नकाशा ठेवाच.