पाणी लागलं की जिन्यातच अडून बसणाऱ्या पिल्लाबद्दल

ताई, तुमचं पिल्लू पाच महिन्यांचं, शिह त्झू, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. मे-जूनमध्ये खालच्या हिरवळीवर नीट जात होतं आणि पावसाचं पाणी सुरू झाल्यापासून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसकण मारतं. ओढलं तर अंग टाकून देतं. वर आणलं की दोन मिनिटांत पायपुसण्यावर शू. सासूबाई वैतागल्या आहेत आणि शेजारच्या काकांनी सांगितलंय, "नाक घासा न त्याचं त्यात, दोन दिवसांत सुधरते."

काकांचं तेवढं ऐकू नका. शू होऊन गेल्यावर केलेल्या शिक्षेचा आणि त्या शूचा संबंध पिल्लाला लावता येत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसाच्या नजरेसमोर शू झाली की माणूस भडकतो. मग ते सोफ्यामागे जातं, पलंगाखाली जातं. खरा घोटाळा तर पुढे होतो. पट्टा लावून बाहेर नेलं की तुम्ही समोरच उभ्या असता, म्हणून ते बाहेरही करत नाही. दाबून धरतं, घरी येतं आणि तुमची पाठ वळायची वाट बघतं. अशी भ्यालेली पिल्लं मी लोकांच्या घरी पाहिली आहेत. त्यांना पुन्हा वळणावर आणणं फार जिकिरीचं असतं.

मी नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला राहते. बावीस वर्षांत घरात तीन लहान कुत्री झाली: आधी पामेरियन, मग डॅशहाऊंड, आता पग. पहिल्या चिंगीच्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं. पावसात ती उंबरठ्यावर उभी राहायची. पुढचा उजवा पाय शहाबादी फरशीवर टेकवायची, ओलं लागलं की उचलून झटकायची, पुन्हा टेकवायची. नाकावर थेंब पडला की डोळे मिटून मागे सरकायची. मला तो हट्ट वाटायचा. एक दिवस तिच्या बाजूला उंबरठ्याशीच मांडी घालून बसले, तेव्हा दिसलं की फरशीवर आपटलेलं पाणी वीतभर वर उडतंय आणि सगळं तिच्या पोटाला लागतंय. आपल्या अंगावर पाऊस फक्त वरून येतो, तिच्या अंगावर खालूनही येत होता. त्यात पोर्चवर टिनाचं छप्पर. भिजू नये म्हणून मी तिला मुद्दाम त्याखाली न्यायची आणि वर पाण्याचा असा काही ताशा वाजायचा की ती कान पाडून थरथरायची. जागा बदलून जिन्याखालच्या स्लॅबच्या आडोशाला नेली, तर तिसऱ्या दिवशी तिने तिथे शू केली.

म्हणून तुम्ही आधी जागा शोधा. बिल्डिंगखाली पार्किंग आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यात असा कोपरा बघा जिथे पाणी उडत नाही, पन्हाळीचा आवाज येत नाही आणि गाड्यांची ये-जा नाही. पिल्लाला सवय लागते ती पायाखाली जे लागतं त्याची. तुमचं गवतावर शिकलं आहे, त्यामुळे कोऱ्या काँक्रीटवर ते करणार नाही. नर्सरीतून हिरवळीचा एक तुकडा आणा, उथळ प्लास्टिकच्या ट्रेमध्ये मातीसकट ठेवा आणि ट्रे त्या कोपऱ्यात मांडा. सोसायटीत कुणाची तक्रार नको म्हणून हे आधी सेक्रेटरींच्या कानावर घाला आणि ट्रे रोज धुऊन उन्हा-वाऱ्याला ठेवा. पहिल्या दिवशी, घरात झालेली शू ज्या वर्तमानपत्राने टिपली त्याचा एक तुकडा त्या गवतात खोचून ठेवा. वासावरून पुढचं त्याला समजतं.

आता वेळा. झोपून उठल्यावर लगेच, जेवल्यावर पंधरा ते तीस मिनिटांत आणि खेळ संपल्यावर. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा. साधारण तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. पण ही कमाल मर्यादा झाली, आणि लहान जातींचं मूत्राशयही लहान. दिवसा दर दोन-तीन तासांनी न्याच. तिथे गेल्यावर गप्पा नाहीत, मोबाईल नाही, खेळ नाही. पट्टा आखूड धरून एका जागी उभ्या राहा आणि "शू कर" हा एकच शब्द, रोज तोच, शांतपणे म्हणा. घरातल्या सगळ्यांनी तोच म्हणायचा.

पाच मिनिटांत झाली नाही तर वर आणा, पण मोकळं सोडू नका. तुमची सगळी गडबड इथेच होते आहे. खाली ते ताणात असतं, वर आलं की सैल पडतं आणि पायाखाली मऊ पायपुसणं लागतं, जे त्याला गवतासारखंच वाटतं. पायपुसणं महिनाभर उचलून ठेवा. पिल्लाला मांडीवर घ्या किंवा पट्टा तुमच्या कमरेला बांधून ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा खाली न्या. दोन-तीन फेऱ्या होतील, कंटाळा येईल, पण चार-सहा दिवस हे निष्ठेने करा.

शू झाली की खाऊ तिथल्या तिथे, क्षणभराच्या आत. घरी येऊन डबा उघडून दिलेला खाऊ त्याला घरी आल्याचा वाटतो, शू केल्याचा नाही. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरतो, चिकन आणत नसाल तर पनीर. मनुका-बेदाणे मात्र कधीही नाही, कुत्र्याच्या मूत्रपिंडांना ते घातक असतात. आणि पावसात शू झाली की क्षणभरही रेंगाळू नका, सरळ वर चला. त्याला घरीच जायचं असतं, मग तेच बक्षीस होऊ द्या. कोरड्या दिवसांत याच्या उलट करायचं: शू झाल्यावर आणखी दहा मिनिटं फिरवायचं, नाहीतर शू केली की फिरणं संपतं हे त्याच्या लक्षात येतं आणि ते लांबवत बसतं.

छत्रीची ओळख घरातच करून द्या. उघडी छत्री खोलीत आडवी ठेवा, खाली दोन तुकडे टाका, त्याला आपणहून जाऊ द्या. मग तीच घेऊन घरात फिरा. रेनकोटवर मी फार विसंबत नाही. आमचा डॅशहाऊंड तो घातला की जागचा हलायचा नाही.

घरात एक दुसरी जागा असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी ओसंडला, तेव्हा आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं. दार उघडायची सोय नव्हती. पगने बाथरूममधल्या ट्रेमध्ये जाऊन सगळं उरकलं, कारण तिला ती जागा आधीपासून माहीत होती. दोन जागांनी पिल्लू गोंधळतं, असं काही जण म्हणतात. सवय लागायला थोडा जास्त वेळ जातो हे खरं, पण गवत दोन्हीकडे सारखं ठेवलं तर ते पटकन जुळवून घेतं. तुमच्या बाल्कनीत ठेवा. देवघराजवळ घाण नको, हा सासूबाईंचा आग्रह रास्त आहे. ट्रे देवघरापासून लांबच्या बाजूला असू द्या आणि देवघराच्या खोलीत पिल्लाला मोकळं सोडूच नका. ट्रे स्वच्छ राहतो आणि फरशी कोरडी राहते हे आठवडाभर दिसलं की त्याही निवळतील.

जिथे आधी शू झाली आहे तिथला वास गेला नाही तर बाकी मेहनत वाया. आधी जुन्या कापडाने पूर्ण टिपून घ्या, घासून पसरवू नका. मग एन्झाइमवाल्या कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी दहा मिनिटं राहू द्या आणि साध्या पाण्याने पुसा. अमोनिया असलेलं काही वापरू नका, कुत्र्याला तो लघवीचाच वास वाटतो. काळं फिनाईलही नको, पिल्लू फरशी चाटतं आणि ते विषारी असतं.

बाहेरून आल्यावर चारही पाय, बोटांच्या बेचक्या आणि पोट कोरडं करा. डबक्यात उंदरांची लघवी मिसळलेली असते, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो आणि तो माणसांनाही होतो. त्याची लस झाली आहे का ते कार्डावर बघून घ्या, ती दर वर्षी द्यावी लागते. गोचिडाही याच दिवसांत जास्त, कानामागे रोज बोट फिरवून बघा.

ही सवय उन्हाळ्यातही कामी येते. आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पिल्लू कूलरसमोरून उठत नाही आणि त्याचं बरोबरच असतं. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर त्याचे पायही भाजतील. तेव्हा सकाळी सातच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावरच न्यायचं, मधल्या वेळात बाल्कनीतला ट्रे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती मला हवी आहे. पायपुसण्यावर होते ती शू भरपूर असते, की थेंब-थेंब, पुन्हा पुन्हा? चिंगी पावसापायी रात्रभर आणि वर अर्धा दिवस धरून बसायची. तिला पुढे मूत्राशयाचा संसर्ग झाला आणि फरशीवर गुलाबी डाग दिसला, तेव्हा मी तिला टॉवेलात गुंडाळून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं होतं. शिह त्झूमध्ये मुतखड्याचंही प्रमाण जास्त असतं. थेंब-थेंब होत असेल, करताना कुंथत असेल किंवा रंग लालसर दिसत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांना दाखवा. तसं काही नसेल तर उद्या सकाळी उठल्या उठल्या उचलून त्या कोपऱ्यात न्या आणि काय झालं ते मला सांगा.